फुटक्या बादलीतला घेवडा

फुटकी वस्तू दिसली की बादलीआत्याचा चेहरा खुलायचा. कुणाच्या बादलीला चीर गेली, कुणाचा माठ पाझरू लागला, की आत्या उंबऱ्यात हजर. "मोडली का? बरं झालं. द्या हिकडं." लोक हसत आणि देत. भोरमधल्या आमच्या गल्लीत तिचं खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं.

ती मूळची वेल्ह्याकडच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर दिरांनी जमिनीत वाटा दिला नाही, तेव्हा ती भोरला आली, एका खानावळीत भाकऱ्या थापू लागली आणि आमच्या चाळीत खोली घेऊन राहिली. खोलीला अंगण नव्हतं. वर गच्ची होती. तिथं रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फाटक्या गोण्या यांत तिनं वांगी, मिरच्या, मेथी पिकवली. दोडक्याचा वेल तर कुणाच्या तरी बंद पडलेल्या डिशच्या छत्रीवर चढवला होता.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील धरणग्रस्तांची, मजुरांची पत्रकं लिहायचे आणि उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. त्यामुळे आत्याच्या बुडवलेल्या वाट्याची गोष्ट ऐकून माझं डोकं तापलं. मी तिला कायदा समजावला, अर्ज लिहून दिला. तिनं सही केली, अर्ज कचेरीत देऊन आली आणि येताना उत्रोलीच्या भात गिरणीतून तुसांचं पोतं घेऊन आली. गच्चीला भार नको म्हणून ती मातीत तुसं आणि पाचोळा मिसळायची.

"आत्या, मी अन्यायाबद्दल बोलतेय आणि तू तुसं आणतेस?"

"अर्जाचं व्हईल तवा व्हईल," ती म्हणाली. "तवर मातीत हात नको का?"

तिचा एकच कायदा होता: आधी पाणी जायची वाट, मग पाणी. कुठलाही डबा आला की ती खिळा लालबुंद तापवून त्याच्या बुडाला भोकं पाडायची. तिचं बघून मीही एकदा मिरच्या लावल्या. बादली नवी कोरी होती, भोक पाडायला जीव होईना. आठवड्यात रोपं पिवळी पडून कुजली. आत्यानं बादली उचलून वास घेतला. "बादली वाचली की गं," ती म्हणाली. "मिरच्या तेवढ्या मेल्या."

गच्चीतल्या सगळ्यात मोठ्या पिंपात घेवडा होता. दाणा तांबूस, पाठीवर काळा ठिपका. हे बी तिच्या आईच्या परसातलं. त्या परसाच्या जागी आता कुणाच्या तरी फार्महाऊसचा पोहायचा तलाव आहे, आणि गावात दुसऱ्या कुणी ते बी राखलं नव्हतं. "आता हे हितंच हाय," आत्या वेलावर हात फिरवत म्हणायची. "माज्यापाशी."

एका पौषात घरमालकांनी सांगितलं, स्लॅब गळतोय, आठ दिवसांत गच्ची रिकामी करा. घेवड्याच्या शेंगा अर्ध्या वाळलेल्या, अर्ध्या हिरव्या. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता, 'गच्ची कुणाची?' घरमालकांना मी त्यात जुलमी, माजोरी, सगळं म्हटलं होतं. दोनशे प्रती छापून आणल्या आणि पहिली आत्याला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ब्येस लिवलंयस," ती म्हणाली. "पर गळतंय ते खरं हाय. त्यांच्या पोराच्या अंथरुणावर पाणी पडतंय, म्या बगितलंय." मग कागद उलटा करून पाहिला. "मागली बाजू कोरी हाय. पुड्या चांगल्या व्हतील."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच आमच्याकडे आली. संक्रांत तोंडावर होती. "वैनी," ती माझ्या आईला म्हणाली, "हळदीकुंकू तुमी करा. वाण माजं." विधवेला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, ती स्वतःच बाजूला राहायची. मी पुन्हा उसळले. ती म्हणाली, "तुजं भांडण खरं हाय, पोरी. पर शेंगा वाळायला आल्यात."

हळदीकुंकू गच्चीवरच झालं. गल्लीतल्या बायका आल्या, घरमालकीणबाईही आल्या. आईनं करंडा उघडला आणि पहिलं कुंकू आत्याला लावलं. आत्या खाली मान घालून उभी होती. मग मालकीणबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तिला हळद लावली. आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि मालकीणबाईंना म्हणाली, "आता लावलंच हाय, तर त्यो वांग्याचा जड डबा तुमीच न्या."

प्रत्येकीला एक डबा आणि वाळलेल्या शेंगांतल्या बियांची एक पुडी. "समदं खाऊ नका, बी राखा," ती प्रत्येकीला बजावत होती. संध्याकाळी गच्ची रिकामी होती. पिंप हलेना, म्हणून वेल तिनं स्वतः कापला. माझी पत्रकं मात्र घरोघर पोचली होती, घेवड्याभोवती गुंडाळून.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या खिडक्यांच्या गजांवर तो वेल चढला. त्यानंतर आत्याच्या बाहेरगावी कामाला असलेल्या लेकानं शिवऱ्याला हायवेलगत दोन खोल्या बांधल्या आणि तो तिला न्यायला आला. टेम्पोत तिनं एक गादी, एक ट्रंक आणि चार फुटक्या बादल्या चढवल्या. घेवड्याची पुडी कमरेला. "अर्जाचं इचारत ऱ्हा," एवढंच मला म्हणाली. मी अजून विचारते.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. आवाज पडलेला.

"घेवडा कुजला गं. म्या चार दिस गावाला गेलते. सुनंनं हौसेनं नवा टब आणला नि समदं बी त्यात लावलं. भोक पाडलंच न्हाई." मग म्हणाली, "टब वाचलाय."

मी फोन ठेवला आणि थेट मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी फळीवरून बरणी काढली. तळाला तांबूस दाणे होते, पाठीवर काळा ठिपका. "राखलंय," त्या म्हणाल्या. "तिनंच सांगितलं होतं ना."

घरी पुडीसाठी कागद शोधला. बायकांच्या नावावर जमीन लागावी म्हणून लिहिलेलं माझं नवं पत्रक टेबलावर होतं. त्यात ओंजळभर दाणे बांधले आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती शिवऱ्याला धाडले.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "बी पोचलं. कागद सुनंनं वाचला, दोनदा. तिला पटलंय. पर ती म्हंतीय, मागली बाजू कोरी का सोडली? तितं भोक कसं पाडायचं ते लिव."

लिहिते आहे.