पाव्हण्यांच्या हातात पाना

मी माझ्या नवऱ्यावर जळते, आणि तेही एका ट्रॅक्टरवरून. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मोहोळजवळच्या आमच्या शेतातला तो जुना ट्रॅक्टर माझ्या वडिलांचा, अण्णांचा. कळायला लागल्यापासून मला तो चालवायचा होता. भावकीतल्या पोरांना अण्णा पुढ्यात बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे. मी जवळ गेले की म्हणायचे, "ब्रेक धड न्हाईत. तुला नगं." माझ्यापुरतेच बरे ते ब्रेक बिघडायचे.

या उन्हाळ्यात मात्र ते खरोखरच गेले. उतारावर ट्रॅक्टर थांबेना, गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकला. आम्ही दोघं तेव्हा माहेरी आलो होतो. नवरा सोलापुरात सात रस्त्याजवळ एका ऑफिसात असतो. घरातला नळ गळला तरी माणूस बोलावतो. आमच्याकडे जावयाला कुणी काम सांगत नाही. तरी त्या दिवशी अण्णांनी स्वतःची जुनी पँट त्याच्यापुढे धरली.

"पाव्हणं, या की जरा. मला आता वाकवत न्हाई."

जावयाला जुनी पँट देणं म्हणजे त्याला घरचा मुलगा करून घेणं. आईला ते कळलं आणि ती हरखून गेली. मलाही कळलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. वाकायला मला येत होतं की.

पुढच्या चाकांना दगड लावून मागं जॅक चढवला. एकेक करून दोन्ही चाकं उतरली, ड्रम निघाले. उजव्या ब्रेकचं लायनर पार घासलेलं, डाव्याचं बरंच शिल्लक. "असं कसं?" नवऱ्यानं विचारलं. मला ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना ब्रेकचे दोन पेडल असतात, आणि नांगराच्या तासाच्या टोकाला अण्णा कायम उजवा दाबूनच वळतात. पण मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी त्याला ते समजावून सांगितलं, दोनदा, मायेनं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बांधावर बसून बघितलं होतं.

पाना निसटून साहेबांचं बोट खरचटलं, तर हळद आणायला मी पळायचं.

नवी लायनर बसल्यावर दोन्ही ब्रेक एकदम लागावेत म्हणून पेडल पट्टीनं जोडले. नवरा सीटवर, अण्णा मडगार्डवर, आणि मी मागं मातीवरच्या खुणा बघायला. ब्रेक दाबल्यावर उजवं चाक जागीच अडकून फरफटलं, डावं फिरतच राहिलं. गप्प बसले असते तर रस्त्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला असता आणि पाव्हण्यांची फजिती झाली असती. क्षणभर बरं वाटलं. पण वर अण्णा बसले होते.

"डावीकडचा ब्रेक आवळा," मी म्हणाले.

आवळल्यावर दोन्ही ओरखडे सारखे उठले. अण्णांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "पाय लई हलका हाय तुमचा."

मी पुढं झाले. "अण्णा, आता तर ब्रेक झाले. मी चालवते."

अण्णा मडगार्डवरून खाली उतरले. मग माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "काय पाव्हणं, देऊ का हिला?"

ट्रॅक्टर माझ्या बापाचा, मी त्याची लेक, आणि परवानगी याची.

"बसू द्या की," नवरा हसून म्हणाला. तो वाईट माणूस नाही, हेच जास्त झोंबतं. वाटलं, म्हणावं, नको मला तुमची भीक. पण हट्ट करून बसले असते तर नुकसान माझंच होतं. मी चढले.

पहिल्या गिअरमध्ये बांधापर्यंत नेला. धक्का न देता नेला. पेडल दाबला, दोन्ही चाकं एकदम थांबली. मी मागं वळून बघितलं. अण्णा तांब्या घेऊन जावयाच्या हातांवर पाणी ओतत होते, आणि दोघांचीही पाठ माझ्याकडे होती.