उमरीच्या बुवांची चीज

कुमुदताईंच्या घरात जे जे चांगलं असे, ते दुसऱ्या कुणाचं तरी असे. येसराची आमटी झकास झाली तर येसर, म्हणजे तिच्यातलं भाजल्या धान्याचं मसालेदार पीठ, सासूबाईंच्या हातचं. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी येसर त्यांचंच. साडी छान आहे म्हटलं तर निवड बहिणीची. अंगणातला मोगरा फुलला तर शेजारच्या काकूंच्या हाताला गुण. आणि गाण्याच्या वर्गात त्या मुलींना कधी न ऐकलेली एखादी चीज शिकवत असल्या आणि दाराशी थबकून कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "उमरीच्या बुवांची."

लातूरच्या आमच्या महिला महाविद्यालयात त्या संगीत शिकवत, मी अर्थशास्त्र. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. तरी गावातल्या संगीत मंडळाची सचिव मीच, कारण हॉल मिळवणं, माईकवाल्याला वेळेवर उभं करणं आणि पाहुण्या तबलजीला जेवू घालून गाडीत बसवणं मला जमतं. पहिल्याच कार्यक्रमात ताईंनी विचारलं, "मॅडम, गाणं आवडतं का तुम्हाला?"

"वेळेत संपलं तर आवडतं," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की तंबोरा बाजूला ठेवावा लागला. त्या दिवसापासून मी मॅडमची मंगल झाले.

ताईंचं माहेर उमरीचं. शिक्षण नांदेडला, गाणंही तिथंच एका गुरुजींकडे. लग्नानंतर लातूर. आकाशवाणीवर त्या गायल्या, गणेशोत्सवात गायल्या, गावोगावच्या संगीत सभांत गायल्या. पुण्याचं बोलावणं कधी आलं नाही. एकदा आलं, ते एका मोठ्या बाईंच्या मागं तंबोऱ्यावर बसायला. त्या गेल्या, बसल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "तंबोरा लई छान लागला होता." तक्रार हा प्रकार त्यांना येतच नसे. मला येतो, म्हणून त्यांच्या वाटणीची मीच करत असे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी ठरवलं की एक कार्यक्रम नीट करायचा. विषय, उमरीच्या बुवांच्या बंदिशी. एव्हाना बुवांचं नाव मराठवाड्यात बऱ्यापैकी झालं होतं. आमच्या एका प्राध्यापकांनी तर एका चर्चासत्रात बुवांवर निबंध वाचला होता. 'सूखी नदिया, नाव कहाँ ले जाऊँ' या मधमाद सारंगातल्या चिजेतली नदी म्हणजे संसार आणि नाव म्हणजे जीवात्मा, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. निमंत्रणपत्रिकेसाठी मला बुवांचा फोटो हवा होता. मी सरळ ताईंच्या घरी गेले.

"फोटो न्हाई," त्या म्हणाल्या.

"नसू द्या. पूर्ण नाव सांगा. जन्मगाव उमरीच ना?"

त्यांनी मान खाली घालून मेथीची आणखी एक जुडी सोडली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. त्या हसत होत्या.

"मंगल, बुवा न्हाईतच गं."

"वारले ते माहीत आहे मला."

"वारायला आधी जन्मावं लागतं. ते जन्मलेच न्हाईत."

मग सगळं बाहेर आलं. विशीत असताना त्यांनी 'सूखी नदिया' बांधली आणि भीतभीत गुरुजींना ऐकवली. गुरुजींनी विचारलं, कुणाची? त्या म्हणाल्या, माझी. गुरुजी म्हणाले, "बाई, पोळ्या येतात का? मग त्या लाटा. चिजा बांधणारे बांधून गेलेत." दोनेक महिन्यांनी त्यांनी तीच चीज पुन्हा ऐकवली. गुरुजी विसरले होते. कुणाची, म्हणाले. "आमच्या उमरीला एक म्हातारे बुवा होते, त्यांची." गुरुजींनी डोळे मिटले, मान डोलावली आणि सगळ्या शिष्यांना ती बसवायला लावली.

"तेव्हापासून बुवाच बांधून राहिले," ताई म्हणाल्या. "माझं एक बरं झालं. बुवांना कुणी पोळ्या लाटायला सांगत न्हाई."

"आणि नदी? संसार आणि जीवात्मा?"

"कशाचा जीवात्मा! त्या वर्षी उमरीला सगळं कोरडं पडलं होतं. टँकरची वाट बघत घागरीवर ठेका धरला अन् स्थायी, चिजेचा पहिला भाग, सुचली. तेवढ्यात टँकर आला, सगळ्या पळाल्या, मीबी पळाले. पुढचा अंतरा राहिला तो राहिलाच. कुणी विचारलं की सांगते, अंतरा बुवांसंगंच गेला."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी म्हटलं, "गुरुजींना जाऊन जमाना झाला. पत्रिकेवर छापते, कुमुदताईंच्या स्वरचित बंदिशी."

"खामखा कामून लोकांना तकलीफ? त्या सरांचा निबंध झालाय. चीज गायली जाऊन राहिली ना, मग झालं. बुवांच्याच नावानं छाप."

पण मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते. सभेत कुणी बुवांची तारीफ केली की ताई हळूच पदर सारखा करत. आपलं कौतुक होत असताना बाई जसा करते, तसा. नाव नको असणारी माणसं असं करत नाहीत. मी पत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला, मात्र नावाची ओळ नंतर कळवते म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास नांदेडला पुण्याचे एक नामवंत गवई येणार होते. आम्ही दोघी माझ्या गाडीनं गेलो. दुपारची सभा होती, हॉल गच्च भरलेला. दुसरा राग सुरू करण्याआधी गवई माईकशी वाकून म्हणाले, "तुमच्याच भागातली एक जुनी, दुर्मीळ चीज ऐकवतो. उमरीच्या बुवांची."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला.

स्थायी झाली. माझ्यासारखीलाही कळलं की हा माणूस ती जीव लावून गातो आहे. ताई मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. आणि मग गवयांनी वरच्या षड्जाला हात घातला आणि अंतरा सुरू केला.

'रेत की लहरें, रेत किनारा, बैठ वहीं घर छाऊँ.'

ताईंचा हात थांबला. दुसऱ्या क्षणी त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"मंगल, हे मी न्हाई केलं."

"मग कुणी केलं?"

"बुवांनी तर न्हाई ना केलं!" त्या कुजबुजल्या, आणि मला शपथेवर सांगता येईल की क्षणभर त्यांचा चेहरा खरंच घाबरलेला होता.

सभा संपल्यावर मी तरातरा आत निघाले होते. आज सगळं सांगून टाकायचं. ताईंनी मला चिमटा काढला आणि स्वतः पुढे होऊन विचारलं, "पंडितजी, अंतरा कुठून मिळाला हो?"

गवई आनंदानं म्हणाले, "आमच्या गुरूंकडून. ते परीक्षक म्हणून लातूरला आले होते. तिथं एका मुलीनं ही म्हटली. अंतऱ्यासकट पूर्ण चीज! गुरूंनी जागच्या जागी लिहून घेतली. बुवांचीच ना?"

"चांगला आहे," ताई म्हणाल्या. एवढंच.

परतीच्या वाटेवर त्या परीक्षेला बसलेल्या आपल्या मुली बोटांवर मोजत होत्या. लोहा गाव मागं पडलं तेव्हा एकदम म्हणाल्या, "सरोज."

सरोज त्यांची पहिली विद्यार्थिनी. विशारदच्या परीक्षेला तिनं हीच चीज नेली होती. पुढं लग्न होऊन ती बिलोलीला गेली. घर, मुलं, शाळेतली नोकरी, गाणं सुटलं. ताईंनी गाडीतूनच तिचा नंबर मिळवला आणि फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सरोज, परीक्षेत 'सूखी नदिया'चा अंतरा म्हटला होतास का गं?"

पलीकडून एकदम पूर आला. "बाई, चुकलं माझं. परीक्षक म्हणाले, अंतरा म्हण. मी म्हणाले, न्हाई. ते म्हणाले, अंतऱ्याशिवाय चीज असती व्हय? मी लई घाबरले होते बाई. जे तोंडाला आलं ते म्हटलं. अन् कुणाचा विचारलं तर बुवांचा म्हणाले. तुम्हाला सांगायची हिंमत न्हाई झाली."

"घाबरून असला अंतरा होतो व्हय?" ताई म्हणाल्या. "मग मलाबी कुणीतरी घाबरवा गं."

फोन ठेवल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कार्ड छापलं का?"

"तुमच्या नावासाठी थांबलंय."

"माझं गेलं तर गेलं, मंगल. मी माझ्या हातानं दिलं. पण त्या पोरीनं आयुष्यात एक अंतरा बांधला, अन् तोबी हा म्हातारा घेऊन बसला. हे न्हाई चालायचं. बुवांना आता जावं लागतं."

त्यांच्याच सांगण्यावरून पत्रिकेवर बंदिशी कुणाच्या ते छापलंच नाही. कार्यक्रमाला हॉल भरला. निबंधवाले प्राध्यापक पहिल्या रांगेत, सरोज नवऱ्यासोबत मागं कुठंतरी. ताईंनी तंबोरे जुळवून घेतले आणि माईकवर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "उमरीचे बुवा आज वारले. खरं तर ते कधी नव्हतेच. त्यांच्या नावावरच्या सगळ्या चिजा माझ्या आहेत. भ्यायले होते, म्हणून त्यांचं नाव घेत गेले. फक्त 'सूखी नदिया'ची स्थायी माझी, अंतरा सरोजचा. सरोज, जागेवरूनच म्हण. मला समेवर दे."

ताईंनी स्थायी गायली आणि तबला तसाच चालू ठेवून त्या थांबल्या. मागच्या रांगेतून, माईकशिवाय, अंतरा आला. आवाज घासलेला होता, वरच्या षड्जाला जरा फाटलाही. पण सूर होता. समेवर ताई आल्या. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मी चहावाल्याला मध्यंतराची खूण केली, कारण ते दुसरं कुणी करणार नव्हतं.

ताईंचं नाव झालं का? झालं, पण कसं ते ऐका. गावातल्या निम्म्या लोकांचा विश्वासच बसला नाही. प्राध्यापकसाहेब तर उघड म्हणाले की एका थोर, विस्मृतीत गेलेल्या बुवांच्या चिजा बाईंनी लाटल्या. मी भांडायला निघाले, तर ताईंनी मला धरून बसवलं.

"बसू दे. माझ्या चिजेसाठी लोक इतके भांडून राहिले, हे काय कमी झालं?"

पदर मात्र त्यांनी सारखा केला.

गेल्या वर्षी त्या मुलाकडं नांदेडला राहायला गेल्या. सामान बांधायला मी गेले होते. दोरी, खोकी, नावं लिहायला जाड पेन, सगळं घेऊन. तंबोऱ्याला रजई गुंडाळत असताना त्यांचा मोबाईल वाजला. बिलोलीहून सरोजचं रेकॉर्डिंग आलं होतं. हल्ली असंच चालतं. ताई एक स्थायी रेकॉर्ड करून पाठवतात आणि मुद्दाम अंतरा ठेवत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांनी सरोजचा येतो. ताईंनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा लावला आणि उत्तर पाठवलं, "दुसरी ओळ लई गोड आहे. पहिली पुन्हा बांध, घाबरून."

दुपारी आम्ही खोक्यांवरच ताटं मांडून जेवलो. येसराची आमटी होती. मी सवयीनं म्हटलं, "सासूबाईंचं येसर अजून पुरतंय म्हणायचं."

ताईंनी माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

"माझं आहे," त्या म्हणाल्या. "मीठ जरा जास्त पडलंय. पण माझं आहे."