निळ्याच्या जागी हिरवा नाही

वायरआत्या कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. तिला ना पाठचा भाऊ ना पुढचा, मग भाचे कुठून येणार? पण गॅरेजच्या त्या गल्लीत पंक्चरवाल्यापासून पत्रे ठोकणाऱ्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे, आणि मग ओघानं तिचा नवरा झाला आतोबा. त्याला त्याचं मोठं कौतुक. म्हणायचा, "लग्नात एक मेहुणा मिळाला नाही, आता गल्लीभर भाचे झालेत."

दिसायला एवढीशी. बॉनेटमध्ये वाकायचं तर पायाखाली तेलाचा रिकामा डबा घ्यावा लागायचा. अंगात आतोबाचा जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात पक्कड. अक्षराशी ओळख नाही. पण फ्यूज रंगावरून सांगायची. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकली नसती.

तिचं काम गाड्यांच्या वायरिंगचं, आणि त्यातही फ्यूजपेटीचं. कसं असतं, गाडी येते ती आपल्यापुरते दिवे, हॉर्न नि पंखा घेऊन येते. मग मालकाला आणखी काही हवं असतं. मागं मोठा दिवा, पाण्याची मोटर, नाहीतर फ्रिज. बाकीचे काय करतात, आहे त्याच वायरीला चाकूनं सोलतात आणि नवी वायर गुंडाळून मोकळे होतात. म्हणजे एका गाईला पाच वासरं लावायची आणि गाय आटली की गाईला शिव्या द्यायच्या. आत्या तसलं कधी करायची नाही. ती बॅटरीपासून वेगळी जाड वायर काढायची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर पहिला मोठा फ्यूज, तिथून पुढं वेगळी फ्यूजपेटी, आणि पेटीतून ज्याची त्याची वायर, ज्याचा त्याचा फ्यूज. म्हणायची, "चुली वेगळ्या मांडल्या की एकीचं भांडण दुसरीकडं जात नाही." चार जावांत संसार केलेली बाई, तिला हे कोणी शिकवायला नको होतं.

हा धंदा खरा आतोबाचा. बावीस वर्षं त्यानं ट्रकांचं वायरिंग केलं. मग हात थरथरायला लागले. आधी चहा सांडायचा, मग पक्कड पडायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, नसांचं दुखणं आहे, वाढणार नाही तर बरंही होणार नाही. एक दिवस ती त्याचा डबा घेऊन गेली, तर हा वायरीच्या टोकाचे तांब्याचे केस वळून पितळी टोपीत घालायला बघतोय आणि ते काही जात नाहीत. ती बाजूला उभी राहून मोजत होती. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तिनं ती वायर त्याच्या हातातून काढून घेतली.

"आणा इकडं. सुईत दोरा ओवते मी, ही तर दोरखंडासारखी आहे."

वायर टोपीत गेली. तिनं पकडीनं दाबली, ओढून बघितली, हलली नाही. आतोबा डबा उघडून जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली ती संध्याकाळपर्यंत परत आलीच नाही. तिथून पुढं तोंड त्याचं आणि हात तिचे. तो स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. गिऱ्हाईक यायचं, त्याच्याशीच बोलायचं. तो म्हणायचा, "मला काय विचारता? मी नुसता रेडिओ आहे." चार वर्षांनी रेडिओचीही गरज उरली नाही. तरी तो स्टुलावर असायचाच. तो नसला तर तिला काम सुचायचं नाही.

तर अशा या आत्याकडे गुरांच्या डॉक्टरीणबाईंची पिकअप आली. बाईंना मागं लसींचा फ्रिज हवा होता, जनावरं धुवायला पाण्याची मोटर, आणि गोठ्यात उजेड पाडायला दोन दिवे. आत्यानं दोन दिवस खपून पेटी बसवली. फ्रिजला निळा, मोटरीला पिवळा, दिव्यांना लाल. फ्रिजची वायर इंजिनाच्या भिंतीतून रबरी बूच लावून आत घेतली, गालिच्याखालून, चालकाच्या सीटखालून मागं नेली. बांधणी तर अशी नेटकी, की एखाद्या पोरीची वेणी बघावी. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सीटवर बसून गाडी चालू केली, तासभर सगळं लावून ठेवलं. फ्रिज गार, फ्यूज शाबूत.

नऊ वाजता डॉक्टरीणबाई आल्या, सोबत त्यांचा चालक. त्याला सगळे उंट म्हणायचे, आणि म्हणण्याजोगाच होता. दारातून आत यायला मान वाकवायला लागायची.

बाई घाईत होत्या. डोंगरावरच्या तीन वस्त्यांत गुरांना गळ्याला सूज येऊन मरायची साथ सुरू झाली होती. लसी ऑफिसात बर्फाच्या डब्यात होत्या आणि तो बर्फ संध्याकाळपर्यंत जेमतेम टिकणार. टोचणी तर रात्रीपर्यंत चालणार, म्हणजे फ्रिजशिवाय भागत नव्हतं. वस्तीवाल्यांना निरोप गेला होता, जनावरं बांधून ठेवा, चरायला सोडू नका. चार तासांचा रस्ता. बारानंतर निघून उपयोग नव्हता, आणि दुसरी गाडीही नव्हती.

उंट गाडी घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "आत्या, फ्रिज बंद पडला."

निळा फ्यूज गेला होता. आत्या सीटवर चढली, नवा निळा घातला, गाडी चालू केली. पंधरा मिनिटं झाली, फ्रिज मजेत घुमतोय. उतरली, गाडी उंटाकडे दिली. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि मागं आला. फ्यूज पुन्हा गेला.

"तू काय फुंकर मारतोस काय रे त्याच्यावर?" आतोबा म्हणाला.

"मी हातसुद्धा लावला नाही. आत्या, माझं ऐका." उंटानं खिशातून हिरवा फ्यूज काढला. "हा घाला. तिसाचा आहे, जाणार नाही. विषय संपला."

"हा खिशात घेऊन हिंडतोस?"

"लागतो कधी कधी."

"त्यापेक्षा काडेपेटी घेऊन हिंड, निदान विडी तरी पेटेल." तिनं तो फ्यूज त्याच्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "ही वायर पंधरापुरतीच आहे. निळ्याच्या जागी हिरवा घातला तर फ्यूज राहील आणि वायर जळेल. फ्यूज जातोय म्हणजे तो तक्रार करतोय. तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलं म्हणून दुखणं जातं होय?"

डॉक्टरीणबाई गरीब स्वभावाच्या, पण त्याही म्हणाल्या, "आत्या, आजचा दिवस चालवून घ्या ना. उद्या सावकाश शोधा. तिकडं लोकांची जनावरं मरतायत."

आत्याला ते कळत नव्हतं का? तिच्या माहेरी दावणीला एकच म्हैस होती, ती गेली तेव्हा घरात दोन दिवस कोणी जेवलं नव्हतं. पण वाटेत गालिच्याखाली वायर पेटली तर लसी जातील, गाडी जाईल, आणि आत बसलेली दोन माणसंही जातील. ती म्हणाली, "बाई, बारापर्यंत वेळ द्या. नाही सापडलं तर मी सगळी पेटी काढून देते आणि लोकांना सांगते, आत्याला जमलं नाही. पण हिरवा माझ्या हातून लागायचा नाही."

मग तिनं शोधायला घेतलं. फ्रिजची पिन बघितली, इंजिनाच्या भिंतीतलं रबरी बूच बघितलं, पत्रा खरवडून जिथं अर्थिंगची वायर घट्ट केली होती तीही उघडून बघितली. सगळं जिथल्या तिथं. दहा वाजले, साडेदहा वाजले. बाई येरझाऱ्या घालतायत, उंट घड्याळ बघतोय. आतोबानं स्टूल ओढून गाडीजवळ घेतलं.

अकरा वाजता ती डब्यावर टेकली. मघापासून ती वायरीलाच विचारत होती. आता तिच्या मनात आलं, की आपण बसतो तेव्हा गाडी गुणाची, आणि हा बसला की बिघडते. मग वायरीपेक्षा यालाच विचारावं.

"उंटा, इकडं ये. सकाळी दार उघडलंस तिथपासून सगळं पुन्हा कर. माझ्यासाठी काही नीट करू नकोस, रोज करतोस तसंच कर."

ती पलीकडच्या दारानं आत शिरली आणि डोकं पार खाली, गालिच्याजवळ नेऊन आडवी झाली. हातात टॉर्च. उंटानं दार उघडलं, मान वाकवली, टेकला, सीटखाली हात घातला आणि दांडी ओढून सीट मागं सरकवली. खर्र.

"थांब," आत्या म्हणाली. "आता श्वासही घेऊ नकोस."

गालिचा उचलला. सीट पार मागं गेली की तिच्या पट्टीचा एक बोल्ट थेट वायरीच्या त्या वेणीवर येऊन बसत होता. काळ्या वेष्टणाला तीळभर भोक पडलं होतं आणि आत तांबं चमकत होतं. सीट पुढं केली की बोल्ट सुटायचा, मागं केली की तांब्याला टेकायचा, वीज पत्र्यात जायची आणि फ्यूज उडायचा.

आत्या तशीच पडून राहिली. तिचे पाय पेडलला पुरायचे नाहीत, म्हणून गाडीत बसली की सीट पुढं ओढायची ही तिची सवय. वायर ओढली ती सीट पुढं असताना, तपासली तीही, मघाशी शोधतानासुद्धा, सीट पुढं ओढूनच. आणि ही काही पहिली गाडी नव्हती. सीटखालून वायर नेलेल्या गाड्या तिनं आजवर किती केल्या असतील?

बाहेरून बाईंनी विचारलं, "काय झालं? वायर खराब निघाली का?"

किती सोपं होतं. हो म्हणाली असती तर कोणाला कळणार होतं? उंटाला काही दिसत नव्हतं, आणि बाईंना तर निघायचीच घाई होती. आत्या बाहेर आली, गुडघे झटकले.

"वायर चांगली आहे, बाई. मी चुकले. मी माझ्या मापाची वायर घातली. जगात उंच माणसं असतात हे माझ्या ध्यानात राहिलं नाही."

आतोबा स्टुलावरून उठला. "मीच शिकवलं होतं तसं," तो म्हणाला. "सीटखालून जवळ पडतं म्हणून."

"तुम्ही शिकवलं तेव्हा ट्रकांच्या सीटा सरकत नव्हत्या. बसा खाली."

पाऊण तासात तिनं जुनी वायर काढली, नवी वायर दाराच्या कडेनं, पत्र्याच्या आतून फिरवून नेली. ती दोन हात जास्त लागली. मग उंटाला बसवलं, सीट मागं, सीट पुढं, पुन्हा मागं, वीस वेळा करायला लावलं. तो म्हणाला, "आत्या, माझं कंबरडं मोडलं." ती म्हणाली, "तुझं मोडू दे, वायर टिकायला हवी." बाराला पाच कमी असताना गाडी लसी घ्यायला ऑफिसकडे गेली.

दुपारभर ती दुसऱ्या कामाला हात लावेना. चार वाजून गेल्यावर बाईंचा फोन आला. पहिल्या वस्तीवर पोचलो, लसी थंड आहेत, टोचायला सुरुवात केली. आत्यानं विचारलं, "सीट कुठं आहे?"

"पार मागं," तिकडून उंट ओरडला.

मग कुठं तिनं डबा उघडला.

पण जेवताना आतोबानं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजतेय. नऊ बोटांवर थांबली. तिला लिहिता येत नव्हतं, पण कुठली गाडी कोणाची, रंग कुठला, कोणत्या महिन्यात आली, सगळं डोक्यात होतं. आतोबा नंबर लावून देत गेला आणि ती एकेकाला सांगत गेली. "मी वायरआत्या बोलतेय. तुमच्या गाडीत माझी एक चूक असेल. या रविवारी घेऊन या, पैसे नकोत." एक जण हसला, म्हणाला, "आत्या, दोन वर्षं झाली, काही झालं नाही." ती म्हणाली, "झालं नाही म्हणूनच फोन करतेय. झाल्यावर करून काय करू?"

रविवारी गल्लीत नऊ गाड्यांची रांग लागली. उंटाला सुट्टी होती, त्याला तिनं बसायला बोलावलं होतं. तो एकेका गाडीत मान वाकवून बसायचा, सीट पार मागं न्यायचा, आणि आत्या पलीकडून आडवी होऊन बघायची. पत्रेवाला म्हणाला, "आत्या, गल्लीभर सांगायची काय गरज होती? धंद्याचं नाव जातं अशानं." ती खालूनच म्हणाली, "नाव जाऊ दे, गाडी जायला नको."

सात गाड्या ठीक निघाल्या. दोन गाड्यांत वेष्टणाला दाब पडलेला होता, भोक अजून पडलं नव्हतं. त्या दोन गाड्यांतल्या वायरी तिनं तिथंच काढल्या. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या खात्यातल्या आणखी चार पिकअप तिच्याकडेच आल्या. कागदावर सही करताना साहेबानं विचारलं म्हणे, की चूक करणाऱ्या बाईकडेच का? तर बाई म्हणाल्या, दुसऱ्या कोणाची चूक झाली तर आपल्याला कळेल का?

आता वायर दाराच्या कडेनं जाते. दोन हात जास्त लागते, वेळही जास्त लागतो. नवं गिऱ्हाईक कुरकुरतं, एवढी लांबून कशाला? आत्या डब्यावर उभी राहून बॉनेटमधून म्हणते, "जवळून नेली होती एकदा," आणि हातातली टोपी पकडीनं दाबते.