पप्पांचे सहा रविवार

माझे पप्पा क्वेकर होते. ख्रिस्ती लोकांतला हा एक लहानसा पंथ. नागपुरात त्यांची जेमतेम दहा-बारा माणसं एका खोलीत रविवारी जमायची. ना पाद्री, ना गाणी. सगळे तासभर गप्प बसायचे, हीच त्यांची उपासना.

मी लग्नानंतर तिकडची राहिले नाही. जर्मनीत लुडविग्सहाफेनला केमिस्टची नोकरी, नवरा, मुलगी, यातच दिवस जायचे. मम्मी गेल्यावर पप्पा एकदाच आमच्याकडे आले, सहा आठवडे.

पहिल्याच रविवारी न्याहारी झाल्यावर त्यांनी विचारलं, "अर्धा तास आपण चौघं शांत बसू या का?"

"पप्पा, आज हिचं पोहणं आहे. पुढच्या रविवारी नक्की."

"असू दे, बेटा."

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग एकदा घर बघायचा टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, मिळाला. एका रविवारी तर मी नुसतीच लोळत होते. पप्पांनी पुन्हा विचारलं नाही. सकाळी बाल्कनीतल्या खुर्चीवर एकटेच बसायचे आणि उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायचे.

सहाव्या रविवारी त्यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडायला निघालो. गाडीत त्यांनी नातीचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने जर्मनमध्ये हळूच विचारलं, "आजोबा झोपले का?"

मी फोनवर त्यांचं गेट शोधत होते. "हो, झोपलेत," म्हटलं. ते झोपले नव्हते, हे मला माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात पप्पा गेले. मी पोचले तोवर दफन झालं होतं.

त्यांच्या मंडळींतले एक म्हातारे काका घरी भेटायला आले. म्हणाले, "तुझे वडील दर रविवारी अर्धा तास आधी येऊन बसायचे. मी विचारलं, एवढ्या लवकर का? तर म्हणाले, तिकडे आत्ता पहाट आहे, पोरं झोपलीत. त्यांच्या वाटचं मी बसतो."

मला राहवलं नाही. विचारलं, "काका, आमच्याबद्दल कधी काही बोलले? तक्रार वगैरे?"



"नाही गं. तुला सुट्टी फार कमी मिळते, एवढंच म्हणायचे."