यात निळं कुठंय?

काचीगुड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत खडक घासणाऱ्या एक बाई होत्या. गॅस शोधण्याचं काम खासगी कंपन्यांना नुकतंच खुलं झालं होतं आणि खोल विहिरींतून काढलेले वाळूच्या खडकाचे तुकडे पेट्या भरून आमच्याकडे येत. तुकड्यात आधी निळी राळ मुरवायची, म्हणजे आतल्या पोकळ्या निळ्या दिसतात. मग त्याचा काप केसाहून पातळ होईपर्यंत घासायचा. बाई बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या आणि कापावर नुसतं बोट फिरवून सांगायच्या, "अजून जाड आहे."

एका सकाळी मला सूक्ष्मदर्शकात भोकंच भोकं दिसली. गॅस मावायला एवढी जागा. कंपनीचे लोक बाहेरच बसले होते. मी धावत निघालो, तर बाई काप बघून म्हणाल्या, "नक्को साब. यात निळं कुठंय? घासताना माझ्या हातून वाळूचे कण उपटलेत, त्याचीच ही भोकं."

"पण आता त्यांना काय सांगायचं?"

"मी सांगते की."

खरंच बाहेर जाऊन त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. दोन तास थांबा." मी मान खाली घालून उभा होतो.

त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाचा काप त्यांनी काचेवर हातानं घासला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कणाकणाच्या मधून निळा रंग पसरला होता. मी बाईंना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, पदरानं डोळा पुसून पुन्हा पाहिलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "आता बोलवा त्यांना."