मधल्या स्पीकरची सोयरीक

आमच्या व्याह्यांइतका तिखट कानाचा माणूस केज तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि कानांचा एवढा जाच दुसऱ्या कुठल्या घरानं सोसलाही नसेल. माझं मांजरसुंब्याच्या फाट्यावर किराणा दुकान. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकून माझे कान निम्मे झालेत, तेव्हा मी वाढवून सांगतो असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावं. एसटी स्टँडात शिरायच्या आधी नुसत्या घरघरीवरून हा माणूस सांगायचा, की गाडी बीडची आहे का अंबाजोगाईची, आणि ड्रायव्हर घरून जेवून निघालाय का भांडून. शेजारणीच्या कुकरची शिट्टी बेसूर लागते म्हणून त्यांनी स्वतः जाऊन तिला नवी शिट्टी आणून दिली होती, आणि नवी आणखी बेसूर निघाल्यावर जुनी कुठं टाकली ते विचारायला परत गेले होते. माझी मुलगी बघायला आले तेव्हा चालून दाखव, वाचून दाखव, काही नाही. म्हणाले, "पोरीला आतल्या खोलीतनं कुणालातरी हाक मारायला सांगा." माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "पाव्हणं, पोरगी हाय ती, कर्णा न्हाई." मी त्यांना वाटेला लावणारच होतो, तेवढ्यात आत पोरीनं आईला विचारलं, पोहे वाढू का. हे डोळे मिटून म्हणाले, "बसतोय. आवाज आमच्या घरात बसतोय." सोयरीक तिथंच ठरली. तेव्हापासून आमचा एकमेकांवर जीव आहे, आणि दोघांपैकी एकानंही तो दुसऱ्याला कळू दिलेला नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत कमरेइतके उंच दोन सागवानी स्पीकर होते. स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदा हातात चार पैसे खुळखुळले तेव्हा व्याही-विहीण हैदराबादेला जाऊन ते घेऊन आले होते. विहीणबाईंनी कपाटासारखे ते दोन डबे सगळी वाट एसटीत आपल्या लुगड्याच्या पदराखाली झाकून आणले असं व्याही सांगायचे. पदर एवढा मोठा कसा, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्या स्पीकरांवर पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, त्यांच्यासमोर शिंकायचं नाही. नवी सून आली की देवघरानंतर त्या दोघांच्या पाया पडायची. माझी मुलगी पडली. मी दात खात बघत होतो.

मग बाजार खुला झाला. केजसारख्या गावातही घरोघर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, परदेशी टीव्ही आले, सीडीवर सिनेमे आले. आमच्या जावयानं औरंगाबादहून नवा डेक आणला आणि बापाला समजावलं, की यात माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधनं येतं आणि गाणंबजावणं दोन बाजूंनी. हे ऐकून व्याही जे उठले ते वर्षभर खाली टेकले नाहीत. त्याला कारणही होतं. विहीणबाईंचं ऐकणं उतरत चाललं होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे थांबणारं नाही, जेवढं शिल्लक आहे तेवढ्यात ऐकून घ्या. कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण त्यात माणसांपेक्षा भांडीच मोठ्यानं बोलतात म्हणून बाईंनी ते पेटीत ठेवून दिलं. दुपारची सासूसुनेची मालिका हा त्यांचा एकुलता एक शौक. माझी मुलगी सासूबद्दल मला म्हणाली, "अण्णा, आत्याबाई आता आमी हसलो की हसत्यात. त्येबी उशिरा."

तेव्हा मधला स्पीकर पाहिजे होता, आणि लवकर पाहिजे होता. पण जुने दोन काढायचे नाहीत, आणि नवा त्यांना जुळला पाहिजे. व्याह्यांनी त्याची रीतसर सोयरीक मांडली. अंबाजोगाईचा दुकानदार जीपमधनं स्थळं घेऊन यायचा. सतरंजी अंथरायची, चहापोहे व्हायचे, आणि घरातली कुठलीच बैठक व्याह्याशिवाय बसत नाही म्हणून दर वेळी मला बोलावणं यायचं. माझे कान त्यांच्या लेखी निकामीच होते. मी फक्त मानाचा. परीक्षा ठरलेली. एका सिनेमात नायक पडद्याच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे बोलत बोलत जातो, तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा लावायचा. व्याही मान फिरवत त्याच्या मागं जायचे आणि मधोमध आला की ओरडायचे, "बंद कर बे. डावीकडनं निघाला तवा पाटील व्हता, मधी आला की तलाठी झाला. तिकडं गेला की परत पाटील. असा माणूस असतो का कुठं?"

दुकानदार घाम पुसत म्हणायचा, "काका, लई बारीक फरक हाय."

"सर्दी झालेल्या माणसाला सून करून आणतोस का तू तुझ्या घरात?"

असं एकेक स्थळ परत जात राहिलं. एकाचा आवाज नाकातला, एक कोरड्या विहिरीत बोलल्यासारखा, एकात कुठलाच दोष सापडेना तर ते म्हणाले, "ह्याचं वळण परगावचं हाय." इकडं विहीणबाई मालिकेच्या वेळेला टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडायला लागल्या. मी एकदा व्याह्यांना बाजूला घेऊन बोललो, "तुमी जुळवीत बसा, तवर तिकडं बाईचं ऐकणं संपंल." ते म्हणाले, "तिच्यासाठीच चाललंय न्हवं." मी म्हणालो, "तिला इचारलंय का?" त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी पंगतीत उष्ट्या हातानं वाढायला उठलोय.

मग एक दिवस तातडीचा निरोप आला, स्थळ मिळालं. अंबाजोगाईच्या एका लॉजमध्ये त्याच कंपनीचे, तसलेच जुने दोन स्पीकर होते. त्यातला एक जळाला आणि दुसरा एकटा उरला. दुकानदारानं तो आणला. सोबत जीपमध्ये एक काळ्या प्लॅस्टिकचा लहानसा डबाही होता, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. लॉजवाला स्पीकर आडवा करून बसवेपर्यंत दुकानदारानं वायर चालते का बघायला तो डबा जोडला. नायकाचं बोलणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं आलं. व्याह्यांनी कानावर हात ठेवले. मग लॉजवाला लागला. नायक डावीकडून निघाला, मधून गेला, उजवीकडे पोचला. पाटील तो पाटीलच राहिला. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी आतून नारळ मागवला आणि फोडायला माझ्या हातात दिला.

विहीणबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बैठकीत बाई आत येत नाही, आणि मुलीकडच्या माणसानं व्याह्याला ओलांडून विहिणीशी बोलायचं नसतं. दोन्ही मला ठाऊक होतं. नारळ हातात धरून मी मोठ्यानं विचारलं, "विहीणबाई, तुमाला ह्यातलं काय कळलं?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यो लई ग्वाड हाय. पर काय बोलतो त्ये न्हाई कळत. मगाच्या त्या काळ्या डब्यात समदं कळलं."

व्याही माझ्या हातातला नारळ घेऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमची जीप चुकंल."

चहा न पिता मी निघालो. दाराशी मुलगी पांढरीफटक उभी होती. नंतर केजहून ना निरोप आला ना फोन. मीही केला नाही. माझं काही चुकलं नव्हतं. पण दुकानात वजन करताना तराजूवरचं लक्ष उडायचं. माझ्या तोंडाची शिक्षा तिकडं पोरीला होत असेल, हा घोर जेवताखाता सुटेना. शेवटी मुलीचाच फोन आला, "अण्णा, मामांजींनी बोलावलंय. दुपारीच या."

गेलतो तर मालिका चालू होती. मधोमध तसलाच एक काळा डबा, आणि विहीणबाई पडद्यावरच्या सुनेला तोंडानं शिव्या घालत शेंगा फोडत होत्या. व्याही शेजारी एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून बसलेले. मी विचारलं, "कसा हाय आवाज?"

"घाण."

"आन् ह्ये दोघं?"

"वायरी काढल्या त्यांच्या. ह्या डब्याशेजारी बसून त्ये बोलत न्हाईत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "च्या घेऊन जावा. त्या दिवशीचा ऱ्हायलाय."

तो डबा तीनेक वर्षं उपयोगी पडला. मग बाईंना त्यातलंही ऐकू येईनासं झालं. आता व्याही त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून मालिका सांगतात. सासू, सून, वकील, गुंड, सगळे एकाच घोगऱ्या आवाजात. आवाजही आता थकलाय. मधलं एखादं वाक्य निसटतं, तिथं ते मनानंच काहीतरी घालतात. परवा मी गेलतो तेव्हा पडद्यावरची सून पेटी उचलून कायमची माहेरी चालली होती आणि व्याही बाईंना सांगत होते, की ती दोन दिवसांत परत येते म्हणाली. माझ्याकडे त्यांनी एकदा चोरून बघितलं. मी पोह्यांची ताटली पुढं ओढली आणि खाली मान घालून खात राहिलो. बाई म्हणाल्या, "यील. पोरगी गुणाची हाय."