क्लॅरीचा पिवळा वाफा

डोळ्यांतला उजेड गेला तेव्हा क्लॅरी पॅस्को एकाहत्तर वर्षांचा होता, आणि त्या दिवसापासून त्यानं अंगणात पाऊल टाकलं नाही. विमेरा मुलखातल्या त्या लहानशा गावात बागकामात त्याच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणायचे. तोच माणूस आता दिवसभर रेडिओशेजारच्या खुर्चीत, आणि त्याची बायको एनिड दारातून त्याच्याकडे पाहत उभी. धनी घरात असून घर सुनं!

एप्रिलमध्ये एनिडनं मनाशी ठरवलं, न कोमेजणारी पिवळी फुलं लावायची. इथल्याच माळावरची. त्यांच्या पाकळ्या कागदासारख्या कोरड्या, बोट लावलं की कुरकुरतात. दिसली नाहीत तरी त्याच्या हाताला कळतील. तिनं वाफा केला, बी पेरलं, वर चांगली बोटभर माती ओढली. महिना गेला, कोंब दिसेना.

"बियांनी दडी मारली की काय गं?" शेजारचा मर्व्ह कुंपणावरून म्हणाला. "क्लॅरीला विचार की."

"तो बाहेर आला तर विचारीन." खिडकी उघडीच होती.

आत खुर्ची करकरली. भिंत धरत क्लॅरी पायरीपर्यंत आला.

"किती खोल पेरलंस?"

"बोटभर."

"बोटभर! पेरलंस की गाडलंस? अगं, त्याला उजेड लागतो. नुसतं मातीवर टाकून तळव्यानं दाबायचं. चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीस नि एवढं कळलं नाही?"

"चाळीस वर्षांत वाफ्यात पाय तरी ठेवू दिलास का मला?"

मर्व्ह फस्सकन हसला. क्लॅरी पायरी उतरून चाचपत वाफ्याशी आला. मग म्हणाला, "उरलंय का बी?"

उरलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, चिमटीनं बी भुरभुरवलं आणि लेकराला थोपटावं तशी माती दाबत गेला. एनिडला रडू फुटलं. त्याला कुठं दिसतंय, म्हणून तिनं ते खुशाल येऊ दिलं.

"नाक ओढत बसू नकोस," तो म्हणाला. "झारी आण."

ऑक्टोबरात, तिकडच्या वसंतात, वाफा पिवळाधमक झाला. क्लॅरी उठल्यासुटल्या फुलं चाचपायचा. एका दुपारी तिथूनच ओरडला, "एनिड, दोरीवरचे कपडे काढ! पाऊस येतोय."

"आभाळ लख्ख आहे, लेका!" मर्व्ह म्हणाला.

"तुझे डोळे राहू देत. हवा दमट झाली की ही फुलं मिटतात. आत्ता मिटलीत."

एनिडनं वर पाहिलंसुद्धा नाही. चादरी ओढता ओढता म्हणाली, "चल, तूही आत चल."

"तू हो पुढं," क्लॅरी वाफ्याशीच उभा राहिला. "मी जरा भिजतो."